जुन्या पिकअपचा दर्जा कसा ओळखावा?

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पूर्वी बैलगाडीने होणारी बरीचशी ने-आण आज लहान मालवाहू मोटारीने, म्हणजे जिला आपण सर्वजण ‘पिकअप’ म्हणतो तिने, होत असते. तासगावचा बेदाणा, सांगलीच्या पेठेत येणारी हळद, साताऱ्याकडील आले, माण व आटपाडी भागातील डाळिंब, महाबळेश्वरच्या डोंगरावरील स्ट्रॉबेरी, हा सर्व माल शेतातून बाजारापर्यंत नेण्यास हे वाहन सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु नवी गाडी घेण्याइतके भांडवल प्रत्येकापाशी असत नाही. म्हणून बरेच शेतकरी जुनी गाडी पाहतात. ती घेताना इंजिनाचा आवाज, टायरची झीज व रंगाची चकाकी हे सर्वजण तपासतात. मात्र ही गाडी कारखान्यातून कोणत्या दर्जाची म्हणून बाहेर पडली, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. आणि जे विचारतात तेही बहुधा विकणाऱ्याच्या उत्तरावरच समाधान मानतात.

खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या बाजारात खिलार बैल घेणारा शेतकरी मालकाच्या तोंडाकडे न पाहता बैलाच्या तोंडात पाहतो. बैल आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेला आहे, हे दातच सांगतात. शिंगांना लावलेला रंग व पाठीवरील झूल ते सांगत नाहीत. मोटारीलाही असे दात असतात. ते कोठे पाहावयाचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१. दर्जा दोन प्रकारचा

प्रथम एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. बाजारात ‘मॉडेल’ हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो. ‘अठराचे मॉडेल’ म्हटले म्हणजे २०१८ साल. ‘बोलेरोचे मॉडेल’ म्हटले म्हणजे गाडीची जात. आणि ‘टॉप मॉडेल’ म्हटले म्हणजे त्या जातीतील वरचा दर्जा. विकणारा एका अर्थाने बोलतो व घेणारा दुसऱ्या अर्थाने ऐकतो, यातून पुष्कळ तंटे उत्पन्न होतात. यास्तव सौदा बोलताना साल, जात व दर्जा ही तीन निरनिराळी विचारून घ्यावी.

दर्जाचेही पुन्हा दोन प्रकार आहेत. एक भाराचा दर्जा, म्हणजे गाडी कायद्याने व बांधणीने किती माल वाहू शकते, तिचा हौदा किती लांब आहे व तिची चाके दोन ओढतात की चार. दुसरा सोयीचा दर्जा, म्हणजे पॉवर स्टेअरिंग, वातानुकूलन, बैठकीचे कापड, काचा वरखाली करण्याची वीज इत्यादी. हा भेद नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे. सोयीच्या पुष्कळ वस्तू मागाहून बाजारातून बसविता येतात. भाराचा दर्जा मात्र कारखान्यात एकदा ठरला की ठरला; गॅरेजमध्ये तो दिसण्यापुरता वाढविता येतो, खरोखरी वाढविता येत नाही.

२. नावांची फोड

आपल्या रस्त्यांवर ज्या गाड्या नेहमी दिसतात त्यांची नावे कशी फोडावयाची ते पाहू.

महिंद्रच्या बोलेरो पिकअपच्या कागदांवर काही अक्षरे येतात. ‘एफबी’ म्हणजे कारखान्यातच सपाट हौदा बसविलेली गाडी. ‘सीबीसी’ म्हणजे केबिनपर्यंत तयार, परंतु हौदा नसलेली, जिच्यावर घेणाऱ्याने आपल्या सोयीचा हौदा बांधून घ्यावयाचा. ‘पीएस’ म्हणजे पॉवर स्टेअरिंग, ‘एक्सएल’ म्हणजे लांब हौदा, व ‘४डब्ल्यूडी’ म्हणजे चारही चाकांना ओढ. त्यापुढे १.७टी असा आकडा असल्यास तो टनांचा समजावा. बोलेरो कॅम्पर ही निराळी. तिची केबिन दुहेरी असल्याने माणसे अधिक बसतात व हौदा तितकाच आखूड होतो. कॅम्परमध्ये ‘गोल्ड’ या नावापुढे येणारी व्हीएक्स, झेडएक्स अशी अक्षरे सोयीचा दर्जा दाखवितात.

याच कंपनीने २०२२ साली बोलेरो मॅक्स पिकअप काढली व २०२३ च्या एप्रिलात तिच्या दोन ओळी केल्या: शहरातील अरुंद रस्त्यांसाठी ‘सिटी’ व जड मालासाठी ‘एचडी’. सिटीमध्ये १.३, १.४ व १.५, एचडीमध्ये १.३, १.७, १.७एल व २.०एल. येथेही आकडा टनांचा व ‘एल’ हे अक्षर लांबीचे. सर्वांत लांब हौदा ३,०५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे १० फूट भरतो. या नावांच्या शेवटी ‘एलएक्स’ किंवा ‘व्हीएक्सआय’ येते. त्यांपैकी व्हीएक्सआय अधिक सोयींची. म्हणजे आकडा भार सांगतो व शेवटची अक्षरे सोय सांगतात. ही एक किल्ली हाती आली की पुष्कळ नावे आपोआप उलगडतात.

टाटांची योद्धा ही गाडी २०१७ च्या जानेवारीत बाजारात आली. तिच्यात एकेरी व दुहेरी केबिन, तसेच दोन चाकांची व चार चाकांची ओढ असे प्रकार आहेत. पुढे तिच्यात १,२००, १,५०० व १,७०० किलो असे भाराचे प्रकार झाले, आणि २०२२ च्या सप्टेंबरात २,००० किलोची ‘योद्धा २.०’ निघाली. दुरून पाहणाऱ्यास या गाड्या बऱ्याच सारख्या दिसतात. परंतु पहिल्या व शेवटल्या प्रकारात ८०० किलोचे अंतर आहे. २० किलोचा एक क्रेट धरला, तर दर खेपेस ४० क्रेट कमी की जास्त, असा हा प्रश्न आहे.

अशोक लेलँडची दोस्त ही २०११ साली आली, तेव्हा सव्वा टनाच्या त्याच गाडीचे तीन दर्जे ठेवलेले होते: साधी, पॉवर स्टेअरिंगची, आणि पॉवर स्टेअरिंगबरोबर वातानुकूलन असलेली. इंजिन तेच, भार तोच, सोय तेवढी निराळी. म्हणून अशा गाडीचे ‘टॉप मॉडेल’ घेतल्याने एक किलो मालही अधिक नेता येत नाही, हे समजून दाम द्यावा.

३. कागद आधी, गाडी मागून

दर्जाची तपासणी गाडीपासून नव्हे, तर कागदांपासून आरंभावी. नोंदणीच्या पुस्तकात, म्हणजे आरसीत, कारखानदाराचे नाव, बांधणीचा महिना व साल, बॉडीचा प्रकार, सिलिंडरांची संख्या, इंजिनाचे घनमान, आसनसंख्या, चाकांच्या आसांमधील अंतर, रिकाम्या गाडीचे वजन व भरलेल्या गाडीचे कमाल वजन ही सर्व नोंद असते. यांतील शेवटची दोन वजने आपल्या कामाची. भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा केले म्हणजे पासिंग किती भाराची आहे ते निघते. आणि या भारातच चालक व सोबतची माणसे धरलेली असतात. उदाहरणादाखल, भरलेले वजन २,९५० किलो व रिकामे १,७०० किलो लिहिले असेल, तर ती गाडी १,२५० किलोची झाली. तिच्या दारावर १.७ चा बिल्ला असला तरी तो बिल्ला बाजारातला आहे असे समजावे.

आरसीवरील नंबर शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर घातला असता गाडीच्या प्रकाराचे नावही बहुधा दिसते. वर सांगितलेली एफबी, पीएस, १.७टी ही अक्षरे तेथेच वाचावी. एमएच-११ सातारा, एमएच-५० कऱ्हाड व एमएच-१० सांगली हे आपल्या परिचयाचे. परंतु गाडी अन्य जिल्ह्यातून आलेली असली तरी ही माहिती तितकीच मिळते.

दुसरा कागद विम्याचा. विम्याच्या पत्रकात जात व दर्जा दोन्ही लिहिण्याची जागा असते, आणि विम्याची रक्कम त्याच दर्जाच्या नव्या किमतीवरून घसारा वजा करून ठरते. तिसरा कागद मूळ खरेदीचा: विक्रेत्याचे बिल व नमुना २१ चा विक्री दाखला. पहिल्या मालकाने तो जपून ठेवला असल्यास त्याहून चांगला पुरावा नाही. आरसी, विमा व बिल या तिघांत एकवाक्यता असली तर निम्मे काम झाले. तिघांत मेळ नसेल, तर गाडीला हात लावण्यापूर्वी कारण विचारावे.

साल पाहताना बांधणीचे साल व नोंदणीचे साल निराळी असू शकतात हेही विसरू नये. एक खूण येथे उपयोगी पडते. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ व १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले. कागदावर बीएस-४ असलेली गाडी ‘एकवीसचे मॉडेल’ म्हणून कोणी सांगू लागला, तर तो शब्दांशी खेळत आहे हे ओळखावे.

४. सतरा अक्षरांचा चेसिस नंबर

चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो व तो चेसिसच्या लोखंडावर ठोकलेला, तसेच कारखान्याच्या पट्टीवर छापलेला असतो. त्यात इंग्रजीतील आय, ओ व क्यू ही तीन अक्षरे येत नाहीत, कारण ती एक व शून्य यांच्याशी घोटाळतात. आरंभीची तीन अक्षरे कारखानदार दाखवितात: एमए१ म्हणजे महिंद्र, एमएटी म्हणजे टाटा, एमबी१ म्हणजे अशोक लेलँड. बहुतेक कारखानदार दहाव्या जागी सालाचे अक्षर घालतात. २०१० साली ए, २०११ साली बी, असे चढत जाऊन २०१७ साली एच, २०१८ साली जे, २०२० साली एल, २०२२ साली एन व २०२३ साली पी येते.

दर्जा मात्र या अक्षरांवरून प्रत्येक वेळी घरबसल्या वाचता येईलच असे नाही. प्रत्येक कारखानदाराची मधल्या अक्षरांची योजना निराळी असते. यावर उपाय सोपा आहे. कंपनीच्या अधिकृत विक्री-दुरुस्ती केंद्रात हा नंबर दाखविला म्हणजे त्यांच्या नोंदीतून गाडीचा मूळ प्रकार व तेथे झालेल्या दुरुस्त्या समजू शकतात. मालकास बरोबर घेऊनच जावे. जो मालक या कामास येण्यास टाळाटाळ करतो, त्याच्या गाडीबद्दल अधिक सावध राहावे.

कागदावरील नंबर व लोखंडावरील नंबर अक्षरशः ताडून पाहावा. अक्षरे वेडीवाकडी असतील, भोवतीचे लोखंड घासलेले किंवा तेवढ्याच जागी नवा रंग दिलेला असेल, तर दर्जाचा प्रश्न राहतच नाही. तो सौदा सोडून द्यावा.

५. भाराचा दर्जा गाडीवर कसा पाहावा

कागद जुळल्यानंतर गाडीखाली वाकावे. भाराचा दर्जा वाढल्याचा देखावा करण्याची मुख्य जागा म्हणजे मागचे पाटे. हलक्या गाडीस एक-दोन पाटे जादा घातले म्हणजे ती भरली असता बसत नाही, व पाहणाऱ्यास ती जड दर्जाची वाटते. परंतु पाटे वाढल्याने चेसिस, एक्सल, ब्रेक व स्टेअरिंग ही वाढत नाहीत. घाट चढताना हा फरक इंजिनास समजतो. उतरताना तो ब्रेकना समजतो. खंबाटकी, पसरणी किंवा कुंभार्ली घाटातून माल नेणाऱ्याने हे विशेष ध्यानात घ्यावे. पाटे मोजावे; सर्वांची जाडी व गंज सारखा आहे का पाहावे; त्यांना आवळणारे बोल्ट नवे व लांब दिसत असतील तर भर घातलेली आहे असे समजावे.

नंतर फितीने दोन मापे घ्यावी. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर आरसीतील अंतराशी जुळले पाहिजे. दुसरे माप हौद्याच्या आतील लांबीचे. चेसिस आखूड असता हौदा मागे लांबविलेला असेल, तर माल मागच्या एक्सलच्या पलीकडे जाऊन पुढची चाके हलकी पडतात, आणि वळणावर स्टेअरिंग ऐकत नाही. शिवाय कारखान्याच्या मापांत नोंदीविरुद्ध फरक करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे.

टायरच्या बाजूवर माप व ‘पीआर’ या अक्षरांपुढे थरांचा दर्जा कोरलेला असतो. कारखान्याच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत जे माप दिले असेल तेच चारही चाकांस व जादा चाकास आहे काय ते पाहावे.

यापुढील परीक्षा सर्वांत खात्रीची असून तिला खर्च थोडा येतो. रिकामी गाडी जवळच्या वजनकाट्यावर चढवावी. काटा जे वजन दाखवील ते आरसीतील रिकाम्या वजनाशी ताडावे. सीबीसी गाडीवर जाड पत्र्याचा हौदा, वर लोखंडी सांगाडा व जादा पाटे चढविले असल्यास हे वजन पुष्कळ वाढलेले आढळते. जितके वजन वाढले तितका माल कमी झाला, कारण भरलेल्या वजनाची मर्यादा वाढत नाही. कागदावर १,२५० किलोची असलेली गाडी दीडशे किलो जादा लोखंड बाळगून असेल, तर ती शेतकऱ्याच्या कामास १,१०० किलोचीच आहे.

पाटण, जावळी व महाबळेश्वर या डोंगरी भागांत चार चाकांच्या ओढीची गाडी मागतात. ४×४ हा बिल्ला थोड्या पैशांत मिळतो. खरी खूण गाडीच्या खाली आहे: पुढच्या दोन चाकांना फिरविणारे दांडे व त्यांच्या मधला गोळा, आणि केबिनमध्ये ती ओढ जोडण्याचा दांडा किंवा बटण. या वस्तू असल्या तरी ओढ लावून मातीच्या रस्त्यावर गाडी चालवून पाहावी, कारण पुष्कळ दिवस न वापरलेली ओढ जाम झालेली असते.

६. सोयीचा दर्जा कसा पाहावा

येथे नियम एकच: वस्तू आहे की नाही एवढेच न पाहता, ती कारखान्यात बसली की मागाहून, हे पाहावे. साध्या दर्जाच्या गाडीत ज्या सोयी नसतात त्यांच्या बटणांच्या जागी कोरी झाकणे असतात. ती झाकणे काढून तेथे बाजारी बटणे बसविली असल्यास रंग व घट्टपणा यांत फरक दिसतो. डॅशबोर्डाखाली तारांची जुडी पाहावी. कारखान्याच्या तारा एका वेष्टनात असून त्यांचे जोड साच्यातील असतात, तर मागाहून घातलेल्या तारांना काळी पट्टी गुंडाळलेली दिसते. पॉवर स्टेअरिंगसाठी बॉनेटखालील तेलाचे भांडे व पंप, वातानुकूलनासाठी रेडिएटरपुढील जाळी व इंजिनावरील कॉम्प्रेसर कारखान्याच्याच कड्यांवर बसलेले आहेत काय हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.

सर्व काचांच्या कोपऱ्यातील खुणा एकमेकींशी ताडाव्या. एखादीच काच निराळ्या कंपनीची असल्यास ती कधी व का बदलली हे विचारावे. बिल्ला, पट्टे, सीटकव्हर, चाकांच्या टोप्या व चकाकते बंपर यांवरून दर्जा मुळीच ठरवू नये; या सर्व वस्तू पेठेत विकत मिळतात.

सीएनजी गाडी असल्यास इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद असलीच पाहिजे. तिच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी व्हावी लागते. तिचा दाखला पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये.

७. दाम किती द्यावा

वरच्या दर्जाबद्दल जादा दाम द्यावा, परंतु हिशेबाने. विम्यात घसाऱ्याचे जे प्रमाण वापरतात ते येथे चांगले उपयोगी पडते: एक ते दोन वर्षांच्या गाडीस २० टक्के, दोन ते तीन वर्षांस ३०, तीन ते चार वर्षांस ४० व चार ते पाच वर्षांस ५० टक्के. समजा, नव्या गाडीत दोन दर्जांच्या किमतीत ६०,००० रुपयांचा फरक आहे. तर साडेचार वर्षांच्या गाडीत तो फरक ३०,००० रुपयांहून अधिक धरण्याचे कारण नाही. फरक सोयीचा असून ती सोय बंद पडलेली असेल, तर तो शून्य धरावा. फरक भाराचा असेल व कागद आणि काटा दोन्ही त्यास साक्ष देत असतील, तर तो पूर्ण द्यावा. कारण तो पैसा दर खेपेस परत येतो.

खोट्या दर्जाची गाडी घेतल्याने नुकसान केवळ किमतीचे होत नाही. सव्वा टनाची गाडी पावणेदोन टनांची समजून भरली, तर तो कायद्याने जादा भार होय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमात त्याबद्दल २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रुपये दंड सांगितला असून जादा माल तेथेच उतरवावा लागतो. आले किंवा द्राक्षे रस्त्याच्या कडेला उतरविण्याची पाळी आली म्हणजे दंडापेक्षा मालाची नासाडी मोठी ठरते. अपघात झाल्यास जादा भार हे विमा कंपनीस भरपाईबद्दल हरकत घेण्यास निमित्त होते. आणि माणसाचा जीव गेल्यास त्याची भरपाई कोणत्याच हिशेबात बसत नाही.

८. कामाचा क्रम

वरील सर्व विवेचन थोडक्यात येणेप्रमाणे. प्रथम आपला माल एका खेपेस किती किलो होतो ते घरीच मोजावे, व रिकाम्या क्रेटांचे वजनही त्यात धरावे. मग आरसी, विमा व बिल ताडावे. नंतर चेसिस नंबर लोखंडावर वाचून कंपनीच्या केंद्रात खात्री करावी. त्यानंतर पाटे, मापे व टायर पाहून गाडी काट्यावर चढवावी. सोयीच्या वस्तू सर्वांत शेवटी पाहाव्या. बयाणा देण्यापूर्वी सौद्याच्या चिठ्ठीत गाडीचे साल, दर्जा व चेसिस नंबर ही तिन्ही लिहून विकणाऱ्याची सही घ्यावी, आणि कर्जाचा बोजा आरसीवरून उतरला आहे काय ते पाहून नमुना २९ व ३० भरून नाव लावून घ्यावे.

या सर्वास एक दिवस लागतो. शेतकरी बी घेताना पिशवीवरील चिठ्ठी वाचतो, खत घेताना त्यातील अन्नद्रव्यांचे आकडे विचारतो. मग काही लाखांची वस्तू घेताना तिच्या अंगावर लिहिलेली अक्षरे न वाचण्याचे कारण नाही. आमच्या वाचकांनी हा एक दिवस अवश्य खर्च करावा, आणि आपल्या गावात जे कोणी जुनी गाडी पाहात असतील त्यांस वजनकाट्यापर्यंत सोबत करावी, अशी आमची त्यांस विनंती आहे.